बाहेरची गाडी

मागच्या आठवड्यात दाजी आले होते, बारा टायरी गाडी आहे त्यांची, वैजापूरकडचा कांदा भरून पेट्रापोलपर्यंत जातात म्हणजे पार बांगलादेशच्या दारात. अंगणात ताडपत्रीचं भोक शिवत बसले होते अन् मी मोबाईलवर अमेरिकेतलं ट्रकचं भांडण वाचून दाखवत होतो, कारण असल्या गोष्टीत त्यांचं डोकं माझ्यापेक्षा लई चालतं.

तर भांडण असं. अमेरिका, कॅनडा अन् मेक्सिकोचा नाफ्टा नावाचा व्यापार करार 1994 ला लागू झाला, त्यात मेक्सिकोच्या ट्रकला आधी 1995 च्या डिसेंबरपासून सीमेलगतच्या राज्यांत आणि 2000 पासून अख्ख्या अमेरिकेत फिरायची मुभा होती. पण ड्रायव्हरांची टीमस्टर्स युनियन आडवी आली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी ऐनवेळी ब्रेक मारला. 2001 ला लवादानं निकाल अमेरिकेच्या विरोधात दिला तरी काही नाही. पुढचे राष्ट्राध्यक्ष बुशनी 2007 ला थोड्या गाड्या सोडून पाहिल्या, 2009 ला तिथल्या संसदेनं त्याचेही पैसे बंद केले, मग मेक्सिकोनं चिडून अमेरिकेच्या नव्वदेक वस्तूंवर जकात बसवली, 2.4 अब्ज डॉलरच्या मालावर. त्यात फळंबिळं पण होती, म्हणजे भांडण ट्रकवाल्यांचं अन् बसली शेतकऱ्याला. 2011 ला कुठं समझोता झाला.

तोंडावर कारण एकच, सेफ्टी. मेक्सिकोच्या गाड्यांचे ब्रेक नीट नसतात, ड्रायव्हर झोपत नाहीत, इंग्रजी पाटी वाचता येत नाही. यातलं काहीच खरं नसंल असं मी म्हणत नाही, पण 2011 नंतरच्या चाचणीत या गाड्या तिथल्या गाड्यांपेक्षा कमी सुरक्षित नाहीत असं त्यांच्याच सरकारनं सांगितलं, तरी ओरड थांबली नाही.

दाजींना यातलं कशाचंच नवल वाटलं नाही. त्यांचे कान टवकारले ते एका नियमाला, की मेक्सिकोची गाडी माल घेऊन शिकागोला गेली तर येताना मेक्सिकोला जाणाराच माल भरायचा, शिकागो ते डॅलस असं मधलं भाडं मारायचं नाही. सुई तशीच धरून म्हणाले, "मग रिटर्न नाही भेटलं तर रिकामी आणायची? डिझेल कोण देतंय?" म्हणलं, तेच तर. बरेच जण सीमेवरच ट्रेलर सोडतात, दुसरी गाडी तो सीमेपलीकडं नेते अन् पुढं अमेरिकेची तिसरी गाडी ओढते.

"आमचं तरी काय वेगळं," दाजी म्हणाले. पेट्रापोलला रांगेत दिवसच्या दिवस जातात, मग पलीकडं बांगलादेशातल्या बेनापोलच्या यार्डात माल उतरवायचा, पुढं त्यांची गाडी. एकदा त्या रांगेतच कांद्याला हिरवे कोंब आले होते, वरच्या गोण्यांतून बाहेर डोकावत होते म्हणे. 2015 ला थिंफूला भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान चौघांनी गाड्या एकमेकांकडं सोडायचा करार केला, तर पुढच्या वर्षी भूतानच्या वरच्या सभागृहानंच तो नाकारला. एवढुशा देशात बाहेरच्या गाड्या किती शिरतील याची धास्ती.

मी जरा शहाणपणा करायला गेलो, म्हणलं लोकं लई कोत्या मनाची असतात राव. तर दाजी हसायलाच लागले. म्हणे, 2003 ला जालन्यात सळईच्या कारखान्याच्या गेटवर आमची नेवाशाची गाडी दोन दिवस कुणी उभी केली होती, विचारा तुमच्या बाबांना. आधी लोकल गाड्या भरणार, मग बाहेरच्या, असं युनियनचं ठरलेलं अन् बाबा त्या युनियनचे खजिनदार.

बाबा ओट्यावरच होते. पेपर जरा वर धरला त्यांनी.

ताईचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी जमलं.