तुम्ही विचारलेत म्हणून: मॉरिशसची दोन वर्षे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पेडण्याच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता एकदाच लिहून टाकतो: मॉरिशसच्या देवळात दोन वर्षे पुजारी म्हणून राहून तुम्ही काय मिळवलेत? विचारणाऱ्याला बहुधा आकडा हवा असतो. तिथेही रुपयाच चालतो, दक्षिणाही मिळत असे, आणि जे आणले ते घराच्या कौलांवर खर्च झाले. तो विषय इथे संपला.

स्नेही मंडळी जरा वेगळे विचारतात: तिथल्यांना तुम्ही काय दिलेत? यावर माझे उत्तर ठरलेले असे. उच्चार शुद्ध केले, मुलांना स्तोत्रे शिकवली, चवथीची पूजा शास्त्रोक्त करवली. हे खरे आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

१८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे तिथे नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांना चवथीची सार्वजनिक सुट्टी मिळते आणि शाळेत मराठी विषय घेता येतो, पण घरात बोलतात ती क्रिओल. पहिल्याच वर्षी उसाच्या शेताकडेच्या एका घरी मी उत्तरपूजेला गेलो. वर माटोळी, म्हणजे आमच्याकडे मूर्तीवर टांगतात ते फळापानांचे छत, नसल्याने तो गणपती मला उघडा वाटला होता. मी पळीपंचपात्र मांडत असताना घरातली आजी, ऐंशीच्या पुढची, नारळ घेऊन मूर्तीसमोर उभी राहिली आणि एका सुरात भराभर काही बोलू लागली. एक शब्द मला लागेना. ती मध्येच थांबे, आणि घरातली सगळी, जीन्समधली नातवंडेसुद्धा, एका आवाजात ‘वे माराज’ म्हणत. मला ते क्रिओल वाटले. समुद्रावर जायला उशीर होत होता, आणि खरे सांगायचे तर देवासमोर माझ्याआधी कोणी बोलावे हे मला खपले नाही. मी हात वर करून म्हणालो, “आजी, हे मंत्र नव्हेत. मी सांगतो तसे म्हणा.” नातवाने तिला ते समजावले. तिने नारळ माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि भिंतीकडेच्या खुर्चीत जाऊन बसली. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

त्या रात्री तो सूर डोक्यातून जाईना, कारण तो ओळखीचा होता. आमच्या गावात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतो आणि गाव म्हणतो, ‘व्हय म्हाराजा’. लहानपणी वडिलांच्या धोतराआडून मीही तेच ओरडत असे. पुजारी, पोथी, गावकर यांपैकी कोणीही सोबत नसताना ते गाऱ्हाणे बोटीतून आणि मळ्यांवरच्या वस्त्यांतून तोंडातोंडी तिच्यापर्यंत आले होते. शब्द झिजले होते, पण कुठे थांबायचे आणि गावाने कुठे होकार द्यायचा, ते चुकले नव्हते. अंधारात मी उठून बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो. ती हसली. नातवाने तिचे म्हणणे सांगितले: “कोणी नव्हते म्हणून आम्ही आमचे काहीतरी बोलत होतो. आता तुम्ही आलात.” आणि ती माझ्या पाया पडायला वाकली. पुढच्या चवथीला नारळ आधीच पाटावर ठेवलेला होता आणि ती माझ्याकडे पाहत गप्प बसली होती.

अर्थ न कळता म्हटलेले शब्द टिकवून काय हशील, असे त्या तिशीतल्या भटजीचे, म्हणजे तेव्हाच्या माझे, म्हणणे होते. तो सर्वस्वी चुकला असे मला म्हणवत नाही; त्याने शिकवलेली मुले आज तिथे स्वतः पूजा सांगतात. पण इथल्या किती यजमानांना त्याच्या संकल्पाचा अर्थ कळत होता, हे त्याने कधी विचारले नाही.

परतल्यावर सत्कारात मी ‘तिथल्यांचा ऋणी आहे’ म्हणालो, ते रीत म्हणून. त्याच वर्षी दसऱ्याला गावकराने गाऱ्हाणे सुरू केले, गावाबरोबर मीही तोंड उघडले, आणि माझ्या तोंडून ‘वे माराज’ निघाले. शेजारच्याने वळून पाहिले. तिच्या गाऱ्हाण्यातले मला एवढेच येते. वही कोरी आहे.