गाडीचा एसी आणि परभणीचं ऊन

दुपारी ४३ अंश, अन् गाडीचा एसी नुसता गरम वारा फेकतोय. कॉम्प्रेसरचा (एसीचा गॅस दाबणारा पंप) क्लच दर चार-पाच सेकंदाला टक् करून सुटत होता, म्हणजे गॅस कमी. म्हटलं, घरीच भरू. आर-१३४ए या एसीच्या गॅसचा कॅन आणि गेजवाला (दाब दाखवणारा) पाइप आणला. लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या जाड पाइपावरचं टोपण सापडायलाच अर्धा तास गेला (जास्त दाबाच्या हाय साइडला हा कपलर, म्हणजे पाइपाच्या टोकाचा जोड, बसतच नाही, ते एक बरंय). इंजिन चालू, एसी फुल, कॅन उभा धरून थोडा थोडा गॅस सोडला. हातात कॅन बर्फासारखा! आई ओट्यावरून, "सिलेंडर भरायलास का रे?" गेजवर दाब ४५ पीएसआय झाला तसा थांबलो. गार हवा आली अन् जीव भांड्यात पडला.

पण कंडेन्सरच्या (गरम गॅस थंड करणारी जाळी) जोडाला तेलाचा ओशट डाग दिसलाय. गॅससोबत तेलही झिरपतं, म्हणजे गळती तिथंच असणार. उद्या मेकॅनिककडे.