लिनक्स बिघडलं की मी ते पुसून का टाकत नाही

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या कुणाच्या संगणकाची स्क्रीन काळी पडली किंवा नेट गेलं की मला फोन येतो, आणि दुरुस्ती झाली की हमखास पुढचा प्रश्न येतो: 'एवढी खटपट कशाला? सगळं पुसून नव्याने टाकलं असतं तर?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुसल्यावर बिघाडाच्या खुणा जातात, कारण मात्र पुष्कळदा तिथेच राहतं.

हा बिघाड बघा. लॅपटॉप नव्या ठिकाणच्या वायफायला जोडला. नेट सुरू आहे, आधीपासून उघडा असलेला ब्राउझर छान चालतोय, पण नवा एकही प्रोग्राम उघडत नाही. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, प्रोग्राम चालवला तर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' एवढंच उत्तर. बहुतेक जण इथे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागतात. ड्रायव्हरचा काही संबंध नसतो. संगणकाला स्वतःचं पक्कं होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं नाव, दिलेलं नसलं, तर राउटर आयपी पत्त्यासोबत जे नाव पाठवेल ते तो घेऊन टाकतो. नाव बदललं आणि डिस्प्ले अडला.

नावाचा आणि स्क्रीनचा संबंध काय? लिनक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीमध्ये सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ मध्ये आली. प्रोग्राम एका मशीनवर चालावा आणि त्याचं चित्र दुसऱ्या मशीनवर दिसावं, ही सोय तिच्या मुळाशीच आहे. म्हणून स्क्रीन सांभाळतो तो सर्व्हर, आणि तुमचा ब्राउझर किंवा टर्मिनल हे त्याचे क्लायंट. दोघं एकाच लॅपटॉपमध्ये असले तरी त्यांचं बोलणं सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या जोडणीवरून, चालतं. आत येणाऱ्या प्रत्येक नव्या क्लायंटला एक कुकी, म्हणजे ओळखीची गुप्त खूण, दाखवावी लागते. ती होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी या लपवलेल्या फाइलमध्ये किंवा तशाच एखाद्या फाइलमध्ये असते, आणि बऱ्याच सेटअपमध्ये तिची नोंद होस्टनेमखाली केलेली असते. नाव बदललं की नव्या प्रोग्रामला आपली नोंद सापडत नाही. जुन्यांची तपासणी आत येतानाच झालेली असते, म्हणून त्यांना कोणी अडवत नाही.

उपाय एका ओळीचा: होस्टनेमसीटीएल (hostnamectl) ही आज्ञा वापरून पक्कं नाव ठरवा आणि लॉगआउट करून परत या. नंतर सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवणारी आज्ञा, 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' म्हणत असेल तर तेच नाव होस्ट्स (/etc/hosts) फाइलमध्येही लिहा. आता सांगा, इथे पुन्हा इन्स्टॉल करून काय हाती लागलं असतं? नवं नाव राउटरकडून येत होतं. नव्या सिस्टिमलाही पक्कं नाव मिळालं नसतं, तर तिनेही ते घेतलं असतं.

'कॅनॉट ओपन डिस्प्ले' या संदेशावर इंटरनेटवर एक उतारा सर्रास सुचवला जातो: 'एक्सहोस्ट प्लस'. कृपा करून तो चालवू नका. त्याने दारावरची तपासणीच बंद होते, आणि एक्स११ मध्ये आत आलेला कुठलाही प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचू शकतो, पासवर्डसकट. ही ढिलाई एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ठेवलेली नाही. वेलँडवर सुडोने एखादा खिडकीवाला प्रोग्राम उघडायला नकार मिळाला, तर तो बहुधा बिघाड नसतो.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा परत परत येतो, तेव्हा कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून अक्षरी टर्मिनलवर जा. आधी डीएफ (df) या आज्ञेने डिस्क भरली आहे का ते बघा, मग एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, गेली आहे का ते बघा. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी झाली असेल, तर ग्रबमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मेनूमधून, जुना कर्नल निवडा. त्यावर सगळं नीट चाललं तर नव्या कर्नलसाठी एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डचं ड्रायव्हर मॉड्यूल बांधलं गेलेलं नाही, असा पहिला संशय घ्यावा.

नेटचं काम त्या मानाने सरळ आहे. आधी राउटरला पिंग (उत्तर येतं का हे बघणारी आज्ञा), मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला, मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेचा. मग ते काम सांभाळणारी सिस्टिमडी-रिझॉल्व्हड ही सेवा चालू आहे का ते तपासा. पण पिंग नीट जातंय आणि तरी जवळजवळ प्रत्येक साइटवर ब्राउझर सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) तक्रार करतोय, तर आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा सेल संपतो, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि आजची सर्टिफिकेटं ब्राउझरला अजून लागूच न झालेली वाटतात. सीआर२०३२ हा बटण सेल बदलला की काम होतं. तो न बदलता कितीही वेळा इन्स्टॉल केलं, तरी वीज बंद झाली की तारीख पुन्हा मागे.

डिस्कच मरायला टेकली असेल, तर मात्र मी दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने तसं दाखवलं की आधी डेटा बाहेर काढायचा, नवी डिस्क घालायची आणि मग खुशाल नव्याने इन्स्टॉल करायचं.

पुढच्या वेळी फोन करण्याआधी 'journalctl -b -1 -p err' ही आज्ञा चालवून ठेवा, म्हणजे मागच्या वेळी मशीन सुरू असताना नोंदलेल्या चुका दिसतील. मला 'चालत नाही' असं सांगण्याऐवजी त्या ओळी जशाच्या तशा वाचून दाखवा.