सांधे दुखतात, मग हार्टच्या डॉक्टरकडे कशाला?

"अगं, तुझं दुखणं बोटांचं. त्यात हार्टच्या डॉक्टरचं काय काम?" शेजारच्या काकूंनी हे विचारलं, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, आणि ईसीजी काढणाऱ्या मुलानंही विचारलं. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच: "आता तर हात बरे दिसतात, मग त्या गोळ्या अजून चालूच?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमवात म्हणा हवं तर. वयानं गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. आजार जोरात असला की सकाळी मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही, भाकरी थापणं तर सोडाच. ऊन वर आलं की हळूहळू बोटं सुटतात. हा काही लाखात एखाद्याला होणारा आजार नव्हे. 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा साधारण 200 माणसांमागे एकाला तो निघाला.

लोकांना दिसतात ती बोटं. पण सूज बोटांपुरती राहत नाही, रक्तातून सगळीकडे फिरते. या आजाराच्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. युरोपातल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं तर नियमच घालून दिला आहे: वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू वगैरे धरून धोक्याचा जो आकडा निघेल, त्याला आमवाताच्या रुग्णासाठी 1.5 नं गुणायचं. माझ्या वडिलांना दिडकी तोंडपाठ होती. ती अशा कामाला येईल असं त्यांना वाटलं नसेल.

इथं बरेच जण म्हणतात, "हो हो, आमच्या आत्याला होतं ते, लहानपणी सांधे सुजले आणि मग झडप खराब झाली." ते हे नव्हे. तो ऱ्हुमॅटिक ताप. शाळकरी वयात घशाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग होतो, त्यानंतर काही आठवड्यांनी सांधे धरतात, ते बरेही होतात, पण हृदयाच्या झडपा अधू होऊन बसतात. त्यासाठी वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. माझ्या आजारात मुख्य भीती झडपेची नसते, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची असते.

धमनी तुंबते म्हणजे नळात क्षार साचतात तसं काहीतरी, असं आपण समजतो. तसं ते होत नाही. धमनीच्या आतलं नाजूक अस्तर जिवंत असतं. सांध्यात सूज पेटवणारी टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 ही रसायनं या अस्तराला चिकट करून टाकतात. पांढऱ्या पेशी तिथं अडकतात, भिंतीत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात. त्यांचा थर साठतो आणि त्यावर एक पापुद्रा धरतो. सूज चालूच राहिली की त्याच पेशी तो पापुद्रा आतून कुरतडतात. तो फुटला की जागच्या जागी रक्ताची गुठळी होते, आणि आपण म्हणतो, "काल तर चांगले हिंडत होते!" हे इंटरल्यूकिन-6 यकृतात पोचलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं; सूज जास्त तेवढं ते जास्त. माझ्या रिपोर्टात दर वेळी सगळ्यात आधी मी पाहते तो आकडा हाच.

सूज हीच धोकादायक, याची चाचणी 2017 साली झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या 10,000 हून अधिक रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब नावाचं, फक्त सूज दाबणारं इंजेक्शन आणि बाकीच्यांना औषध नसलेलं इंजेक्शन देऊन पाहिलं. मधल्या डोसला पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी कमी झाले. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं. औषध महाग, शिवाय जिवावर बेतणारे संसर्ग थोडे वाढले, म्हणून ते हृदयासाठी वापरात आलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

कोलेस्टेरॉलवरून आठवलं. माझा आजार ऐन भरात होता तेव्हा माझं कोलेस्टेरॉल इतकं छान होतं की घरातले सगळे हेव्यानं बघत. उपचार सुरू झाले, सूज उतरली आणि कोलेस्टेरॉल वर गेलं. मी घाबरले. आमचे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधेविकार तज्ज्ञ, हसले. भडकलेल्या सुजेत रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली जातं आणि धोका मात्र वर जातो, हे या आजाराचं वैशिष्ट्य. त्यामुळे आमवाताच्या माणसानं, आजार जोरात असताना काढलेला लिपिडचा, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरेचा, चांगला रिपोर्ट घेऊन निश्चिंत होऊ नये. सूज आटोक्यात आल्यावर तो पुन्हा काढावा.

आता गोळ्यांचं. आपल्याकडे भीती नेमकी चुकीच्या औषधाची वाटते. माझी मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून माझ्या कॅलेंडरवर रविवारांना लाल गोल आहेत. ही गोळी मोठ्या डोसात कॅन्सरलाही देतात, तेवढं कानावर पडलं की माणसं हादरतात आणि बरं वाटू लागल्याबरोबर बंद करतात. वास्तविक आमवाताच्या ज्या रुग्णांची सूज अशा औषधांनी खाली राहते, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळतो. ज्यांना आमवात नाही अशा हृदयरुग्णांना हीच गोळी देऊन पाहिली, तेव्हा मात्र काही फायदा दिसला नाही, 2019 चा तो अभ्यास. म्हणजे हे हृदयाचं टॉनिक नव्हे. जिथं पेटलंय तिथं विझवतं, इतकंच.

आणि जी खरोखर जपून घ्यायची, ती आपण शेंगदाण्यासारखी खातो! पेनकिलर. "दोन डायक्लो द्या" म्हटलं की मेडिकलवाला चिठ्ठी न मागता पट्टी कापून देतो. तीव्र कळ असेल तेव्हा चार दिवस मीही घेते. पण महिनोन् महिने घेतली की रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, अटॅकचा धोका वाढतो. याच जातीचं रोफेकॉक्सिब 2004 साली जगभरातून मागं घ्यावं लागलं, ते हृदयामुळेच. 2013 साली युरोपच्या औषध नियामक संस्थेनं हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असं बजावलं. आपल्याकडे 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, कारण औषध टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मरत होती. गिधाडांची काळजी घेतली हे उत्तमच झालं.

शिवाय पेनकिलर कळ मारते, आजार नाही. खाली सूज तशीच चालू. हात बरे दिसतात हा तिचाही पराक्रम असू शकतो, म्हणून "आता तर बरं आहे ना" या प्रश्नाचं उत्तर मी हात बघून देत नाही, सीआरपी आणि ईएसआर हे रक्ततपासणीतले सुजेचे आकडे बघून देते. स्टेरॉइडचंही थोडं असंच. कळ उतरवायला जादू, पण रेंगाळलं की साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं.

तंबाखूबद्दल लिहिते, कारण आमच्या भागात बायका मिशरी लावतात आणि त्याला कुणी तंबाखू मानतच नाही. "दात घासते फक्त." तंबाखू धमन्यांचा तर वैरी आहेच. मिशरीनं हिरड्या खराब होतात ते वेगळंच, आणि सडलेल्या हिरड्यांचं या आजाराशी जुनं साटंलोटं आहे. त्यामुळे माझ्या डॉक्टरांच्या यादीत दातांचे डॉक्टरही आहेत. त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

हृदयाच्या तपासणीत आमची अडचण अशी की ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढायचा, तर घोटे साथ देत नाहीत. मग झोपवून, शिरेतून औषध देऊन हृदयाचे ठोके वाढवतात आणि तसा इको काढतात. दर वर्षी ते लागत नाही. माझं नेहमीचं म्हणजे रक्तदाब, लिपिड, साखर आणि एक साधा ईसीजी. तेवढं करायचं कारण असं की या आजारात अटॅक गुपचूप येऊन जाण्याचं प्रमाण जास्त आहे. छातीत दुखल्याची तक्रार हे रुग्ण कमी करतात. खांदा दुखला, जबडा दुखला, दम लागला, तर पहिला संशय आमवातावरच जातो.

हे सगळं परवा धाकट्या जावेला सांगत होते. तिच्या कोपरांवर बरीच वर्षं सोरायसिस आहे. ती मलम लावते आणि लांब बाह्यांचे ब्लाउज घालते. ऐकता ऐकता म्हणाली, "ताई, हे मलापण लागू?" लागू. सोरायसिस, आतड्याचे दाहाचे आजार, कण्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सगळ्यांतच हृदयाचा धोका कमीअधिक वाढतो. ल्यूपसमध्ये, म्हणजे संरक्षण यंत्रणा शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते त्या आजारात, तर 1997 च्या एका अमेरिकन अभ्यासात 35 ते 44 वयाच्या बायकांना अटॅकचा धोका त्याच वयाच्या इतर बायकांच्या 50 पटींहून जास्त निघाला होता. त्या वयात छातीत कळ आली तर कोण हृदयाचा विचार करतं? ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतात. म्हणून जावेला एवढंच म्हटलं, की कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस, साध्या बीपीसाठी जरी, तरी बाही वर करून कोपर आधी दाखव. सोमवारी तिचं उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे.