डीटीपीच्या दुकानातील फॉन्टांची व्यवस्था

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत तालुक्याच्या गावी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळविण्याचे, दुकान चालविणाऱ्याकडे विकत घेतलेल्या फॉन्टांपेक्षा कामांबरोबर आलेले फॉन्टच अधिक साठतात. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, कृषी केंद्रांची बिलबुके आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत वडशाच्या नाट्यमंडळांची पोस्टरे, अशा कामांच्या पेनड्राइव्हमध्ये एखादा तरी नवा फॉन्ट असतो, आणि तो एकदा संगणकावर चढला की सहसा कोणी उतरवीत नाही. माझ्याकडील फाइली अशाच वाढत काही हजारांच्या घरात गेल्या. त्यांची व्यवस्था लावताना मी एक गोष्ट पक्की केली, ती म्हणजे फॉन्टची वर्गवारी त्याच्या रूपावरून न करता, तो कोणत्या पद्धतीने अक्षरे साठवितो त्यावरून करावी.

बारीक, जाड, वळणदार, शोभेचे असे वर्ग इंग्रजी फॉन्टांना पुरतात. मराठीत मात्र दोन सारखे दिसणारे फॉन्ट आतून पूर्ण वेगळे असू शकतात. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरेच असतो, आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो तसाच उघडा पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीने अक्षरांच्या जागा आपापल्या सोयीने ठरविल्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये निरर्थक होतो. युनिकोडमध्ये तसे होत नाही, कारण तेथे प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच असतो व फॉन्ट फक्त त्याचे रूप पुरवितो. म्हणून माझ्या डी ड्राइव्हवर पहिली विभागणी युनिकोड आणि जुने अशी आहे, जुन्यांमध्ये कंपनीनुसार उपविभाग आहेत, आणि रूपाचा विचार त्यानंतर येतो. फोल्डरांची नावे मी मुद्दाम इंग्रजी अक्षरांत ठेवली आहेत, कारण युनिकोड न जाणणारी जुनी सॉफ्टवेअरे देवनागरी नावाच्या फोल्डरातील फाइल उघडताना अडखळतात.

जुने फॉन्ट टाकून द्यावेत, असे शहरातील मित्र सांगतात. मला ते पटत नाही. पाने जुळविण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची, म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ साली आली व तिला युनिकोड मराठी कळत नाही, तरीही आमच्याकडील कित्येक अहवाल आणि नमुने अजून तिच्यातच आहेत. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये नेता येतो, पण ऱ्हस्व वेलांटीवर बारीक लक्ष ठेवावे लागते. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते. दोन पानांच्या पत्रिकेसाठी ही मेहनत परवडते, शंभर पानांच्या अहवालासाठी परवडत नाही.

दुसरा नियम असा की, संग्रह आणि इन्स्टॉल केलेले फॉन्ट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये हजारो फाइली ओतल्या की सॉफ्टवेअर उघडण्यास वेळ लागतो आणि फॉन्टची यादी खाली सरकवता सरकवता गिऱ्हाईक कंटाळते. रोज लागणारे पन्नासेक फॉन्ट कायमचे इन्स्टॉल करावेत आणि बाकीचे नेक्ससफॉन्ट किंवा फॉन्टबेससारख्या व्यवस्थापकातून कामापुरते चालू करून नंतर बंद करावेत. कोरलड्रॉ या चित्रे व पोस्टरे करण्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांबरोबर स्वतंत्र फॉन्ट मॅनेजर येतो, तोही पुरेसा आहे. येथे विंडोज १० मधील एक बदल ध्यानात ठेवावा. २०१८ च्या ऑक्टोबरमधील १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्यापुरता इन्स्टॉल होऊ शकतो आणि त्याची फाइल वेगळ्याच फोल्डरात जाते. काही सॉफ्टवेअरांना असा फॉन्ट दिसतच नाही, म्हणून फाइलीवर उजवी कळ दाबून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हाच पर्याय निवडावा.

जुळ्या फाइली हे या कामातील सर्वांत किचकट प्रकरण आहे. फाइलीचे नाव आणि फॉन्टच्या आत नोंदलेले नाव या वेगळ्या गोष्टी असून, सॉफ्टवेअर आतील नाव वाचते. त्यामुळे वेगळ्या नावाच्या दोन फाइली एकच फॉन्ट म्हणून भांडू शकतात. विंडोजच्या पॉवरशेलमधील गेट-फाइलहॅश या आज्ञेने दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक, काढून पाहावा. तो जुळला तर एक प्रत निर्धास्तपणे पुसावी. आतील नाव तेच, पण हॅश वेगळा निघाला, तर मात्र घाई करू नये, कारण त्या दोन आवृत्त्या असतात आणि अक्षरांच्या रुंदीत किंचित फरक असला तरी जुन्या पत्रिकेतील ओळी नव्याने तुटतात व ‘आपले विनीत’ खालच्या चौकटीबाहेर जाते. कोणते जुने काम कोणत्या आवृत्तीवर उभे आहे हे कळेपर्यंत दोन्ही ठेवाव्यात, पण एकाच वेळी चालू करू नयेत.

व्यवस्थापकात नमुन्यासाठी येणारे इंग्रजी वाक्य आपल्या उपयोगाचे नाही. युनिकोड फॉन्टांसाठी मी ‘लक्ष्मणरावांच्या शेतातील पऱ्हे, ॲड. विठ्ठल, राष्ट्र, शृंगार’ अशी ओळ ठेवली आहे. धानाच्या रोपांना आमच्याकडे म्हणतात त्या ‘पऱ्हे’मधील ऱ्ह नीट उमटला नाही, तर तो फॉन्ट आमच्या भागात चालणारच नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, म्हणून त्याआधीच्या फॉन्टांत तेथे रिकामी चौकट दिसते. ल आणि श यांवरून मराठी वळण पारखता येते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली आहेत. चांगल्या फॉन्टांत मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि लिब्रेऑफिससारख्या सॉफ्टवेअरात मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी वळण उमटते. जुन्या फॉन्टांना ही ओळ लागू पडत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक कंपनीच्या पद्धतीने टंकलेली निराळी ओळ ठेवावी लागते.

नवीन कामासाठी मी शक्यतो मुक्ता, बालू, हिंद, पॉपिन्स यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट घेतो. छपाईसाठी त्यांचा व्यावसायिक वापर करता येतो, आणि कामाच्या फोल्डरबरोबर फॉन्टही देता येतो. सीडीवरून फिरत आलेल्या अनेक फॉन्टांबाबत तसे म्हणता येत नाही.

नाटकांच्या पोस्टरांना या सगळ्याचा खरा उपयोग होतो. नाटक तेच, कलावंत तेच, पण गाव, तारीख आणि आयोजक मंडळ दर प्रयोगाला बदलते, त्यामुळे एकच फाइल हंगामभर पुन्हा पुन्हा उघडावी लागते. फ्लेक्स छापणाऱ्याकडे पाठविताना अक्षरांचे कर्व्ह करावेच लागतात, म्हणजे फॉन्टशिवायही दिसावीत म्हणून अक्षरांची रेखाचित्रे करावी लागतात, मात्र कर्व्ह केलेल्या प्रतीत गावाचे नाव बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक पोस्टरच्या फोल्डरमध्ये मूळ फाइल, कर्व्ह केलेली प्रत, पीडीएफ आणि त्यात वापरलेल्या फॉन्टांच्या फाइली अशा चारही गोष्टी ठेवतो. धान कापून झाले की प्रयोगांच्या तारखा भराभर ठरतात, आणि रात्री भारनियमन सुरू असताना इन्व्हर्टर संपण्याआधी फॉन्ट शोधत बसण्यास सवड नसते. गिऱ्हाइकासमोर तर मी संगणकावरील यादी उघडतच नाही. निवडक फॉन्टांत वधूवरांची नावे आणि नाटकांची शीर्षके छापलेली एक वही काउंटरवर असते, तिच्यात बोट ठेवले की त्या पानावरील क्रमांकावरून फोल्डर सापडते.