तुम्ही विचारलंत म्हणून: मी सिनेमा सुचवायला का कचरते

‘पूर्वी न मागता दहा नावं द्यायचीस. आता एक मागितलं तरी उलट तूच प्रश्न विचारतेस. झालंय काय?’ हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते.

गंभीर सिनेमांवरून माझं मन उडालेलं नाही. ‘आयुष्यात दुःखं कमी आहेत का, की पडद्यावरही तीच बघायची?’ हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. बाबा गेल्यावर जो तो मला ‘सावर’ म्हणत होता. त्या दिवसांत मी ‘मँचेस्टर बाय द सी’ (२०१६) पाहिला. त्यातला माणूस शेवटपर्यंत सावरत नाही, आणि सिनेमा त्याला तशी जबरदस्तीही करत नाही. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी धड झोप लागली. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं की ज्याचं जे दुखतंय, त्याला त्यावरचाच सिनेमा द्यावा.

म्हणून एका मैत्रिणीला ‘आमूर’ (२०१२) बघायला सांगितला. तिची आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली होती आणि आईचं सगळं ही एकटी करत होती. मिखाएल हानेकेच्या या सिनेमात पियानो शिकवण्यात आयुष्य गेलेलं म्हातारं जोडपं आहे. बायकोला पक्षाघात होतो, नवरा तिला घरीच सांभाळतो. हिला कुणीतरी आपल्यासारखं भेटेल, असं मला वाटलं. वर बजावलं, ‘काही वाचू नकोस, ट्रेलरही बघू नकोस.’

तिने तो रात्री आईच्या पलंगाशेजारी बसून, इअरफोन लावून, फोनवर पाहायला घेतला. त्यात एक प्रसंग आहे. नवरा बायकोला पाणी पाजतोय. ती तोंड मिटून घेते. तो विनवतो, परत पाजतो. ती पाणी थुंकून टाकते आणि त्याचा हात उठतो. गालावर एक चापट. पार्श्वसंगीत नाही, काही नाही. याच प्रसंगाबद्दल मी ज्याला त्याला भरभरून सांगत आले होते. तिला मात्र अवाक्षर बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ‘तुला कुणी सांगितलं?’

मला काही कळेना.

‘मी आईवर हात उचलला ते. गेल्या आठवड्यात. गोळी थुंकली म्हणून. म्हणूनच हा बघायला लावलास ना?’

मी नाही, नाही म्हणत राहिले. आईशप्पथ म्हणाले. ती म्हणाली, ‘मग असं काही आहे त्यात, एवढं तरी सांगायचंस.’

का नाही सांगितलं? सिनेमा फोडायचा नसतो म्हणून. पण हा सिनेमा तर सुरुवातीलाच शेवट सांगून टाकतो. अग्निशमन दलाची माणसं दार फोडतात, आत पलंगावर बाईचं प्रेत, भोवती फुलं. हानेकेला जे लपवायची गरज वाटली नाही, ते मी लपवत बसले. पुढे नवरा उशी दाबून बायकोचा जीव घेतो, त्या प्रसंगापर्यंत मैत्रीण त्या रात्री पोचली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

तेव्हाची मी असते तर म्हणाले असते, वर्मावर बोट ठेवलं म्हणजे सिनेमा खरा आहे. असं जपून जपून सुचवशील तर लोक बेतानेच बघतील, जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’पर्यंत (१९५३) कुणी जाणारच नाही. त्या तेव्हाच्या ‘मी’चं म्हणणं खोडून काढता येत नाही मला. पण तो फोन तिने घेतलेला नव्हता. मी घेतला होता.

तर आता मी आधी विचारते. घरी कुणी आजारी आहे का? एकटीने बघणार का? काही जणी चिडतात. ‘सिनेमा मागितला, औषध नाही,’ असं एकीने तोंडावर सुनावलं. तिचंही खरं आहे. तिला काय झेपेल हे ठरवणारी मी कोण?

मैत्रिणीची आई गेली. वर्षभराने तिने उरलेला सिनेमा पाहिला. ‘पाण्याच्या प्रसंगापासून परत लावला,’ म्हणाली. कसा वाटला, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

‘एखादा सुचव ना’ म्हणणाऱ्यांत हल्ली तीही आहे. तिला मी अजून नाव दिलेलं नाही.