माझी रेषा उतरायला लागली तेव्हा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी सिडकोतल्या एका गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम बघत उभा होतो. मिस्त्री विचारत होता, "साहेब, ढाळ किती देऊ?" मला थेट दहावीची भूमिती आठवली.

ढाळ म्हणजे उतार; पुस्तकात त्यासाठी शब्द होता 'चढ'. रेषेवरचे दोन बिंदू घ्या, वायमधला फरक वर, एक्समधला फरक खाली, आणि भागा. सरांनी फळ्यावर (२, ३) आणि (५, ९) लिहिलं आणि नेमकं मला उठवलं. मी ऐटीत वर ३ वजा ९ केलं, खाली ५ वजा २. उत्तर उणे २. सर रागावले नाहीत. आलेखाचा कागद पुढे सरकवला, म्हणाले, "काढ." काढली. रेषा डावीकडून उजवीकडे मस्त वर चाललेली! "आणि तुझं उत्तर म्हणतंय उतरतेय. दोघांत खोटं कोण बोलतंय?" मग त्यांनी समजावलं : सुरुवात कुठल्याही बिंदूपासून कर, पण वर ज्याच्यापासून निघालास, खालीही त्याच्यापासूनच नीघ. ६ भागिले ३ काय नि उणे ६ भागिले उणे ३ काय, उत्तर २ च.

आडव्या रेषेचा चढ शून्य. उभ्या रेषेचा मात्र ठरवताच येत नाही, कारण खाली शून्य येतो. हे वर्गात कुणालाच पटलं नव्हतं, मलाही नाही.

त्याच वर्षी सहलीहून परतताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडली. आम्ही वडापावात दंग. सर म्हणाले, "इगतपुरीपर्यंत ३७ ला १ चढ आहे." म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, जेमतेम ०.०२७. मी म्हटलं, "सर, आपल्या जिन्याची पायरी ६ इंच उंच, १२ इंच रुंद. चढ अर्धा! तो तर आम्ही पळत चढतो." सर म्हणाले, "तुझ्यामागे डबे जोडलेत का? आणि तुझ्या पायात चप्पल आहे. इथे लोखंडावर लोखंड, घसरतं."

पुढे मी ठेकेदार झालो. पहिलंच काम पंचवटीत, एक बाथरूम. माप घेताना एक उंची दाराकडून मोजली, दुसरी जाळीकडून, आणि वजाबाकी उलटी झाली. फरशी बसली, पाणी सोडलं, ते डौलात दाराकडे निघालं. घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, गोदामाई हॉलमध्ये आणलीस की!" फरशी पदरच्या पैशानं उखडली.

मिस्त्री अजून उभाच होता. "१०० ला १," मी म्हटलं, "२० फुटांना जवळजवळ अडीच इंच." आणि लेव्हलची नळी त्याच्या हातातून घेऊन मीच खाली बसलो.